चारशे सात

अहेरी, १५ एप्रिल

प्रिय दीपिका,

ठमाबाई उद्या परत तुमच्या मिरचीतोडणीच्या तळावर निघाली आहे, तिच्या हाती हे देतो आहे. फोन केला असता, पण तिकडे पाचजणींत एक फोन, आणि हे सगळ्यांसमोर ऐकवण्यासारखं नाही.

घरी बरं आहे. आई पहाटेच मोहफुलं वेचायला जाते. मी मात्र थकलोय. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर पोरांचे अर्ज भरायचे, नेट अडलं की पडद्यावरचा आकडा वाचायचा. आमचं नेट थेट जात नाही, एका प्रॉक्सी सेवेतून जातं. जंगलातल्या नाक्यासारखं, आधी तिथं ओळख पटवायची, मग पुढं. पाचशे तीन आला तर पलीकडची साइट बंद, आपण थांबायचं. चारशे सात आला तर नाक्यावरच अडवलंय, आपलं नाव-पासवर्ड चालत नाही. म्हणजे दुरुस्ती आपल्याकडे.

गेल्या मे महिन्यात तुझ्या नर्सिंगच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. सकाळच्या गाडीनं आलीस, फोटो आणि मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आधीचे दोन दिवस पाचशे तीनच येत होता, साइट खरंच बंद होती. त्या दिवशीही पान उघडेना, तेव्हा मी आकडा न बघताच म्हणालो, "सर्वर डाऊन आहे." तू बाहेरच्या बाकावर चार तास बसलीस. मग दारात येऊन विचारलंस, "दादा, मोबाईलच्या नेटवरून नाई होत काय?" मी सगळ्यांसमोर खेकसलो, "तुले काय समजते यातलं?" तू परत बाकावर जाऊन बसलीस. संध्याकाळी मुदत संपली. बाबा म्हणाले, "मशीनच बंद होती, पोरगा काय करन?"  यंदा तू मिरची तोडायला गेलीस.

दीपिका, त्या दिवशी पडद्यावर चारशे सात होता. पासवर्ड बदला असा मेल आठवडाभर आधी आला होता, मी तो उघडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं. साइट चालू होती. मोबाईलचं नेट त्या नाक्यातून जात नाही, ते लावलं असतं तर दहा मिनिटांत अर्ज गेला असता. तू म्हणालीस तेच बरोबर होतं. अकरा महिने मी हे गिळून बसलो. परवा बाबांना सांगितलं. बराच वेळ ते विळ्याला धार लावत राहिले, मग म्हणाले, "मले काऊन सांगून राह्यला? तिले सांग."

म्हणून लिहितोय. यंदाचा अर्ज सोमवारी सुरू झाला, तीस तारखेपर्यंत मुदत आहे. मला माफ करायचं की नाही ते नंतर ठरव, नाही केलंस तरी चालेल. माझ्या हातून भरायचा नसेल तर बसस्टँडजवळ दीपालीचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, तुझे सगळे कागद तिच्याकडे देऊन ठेवलेत. मी तिकडे फिरकणार नाही. पण तू ये, आणि भर.

तुझाच,
प्रफुल्लदादा