विचारलंत ते बरं केलंत

बाबा, परवा मुरबाडहून वैशाखऱ्याला जाताना जीप आपल्या भाताच्या गिरणीसमोर थांबली. गिरण आता दुसरं कुणी चालवतं, मोटारही नवी बसवली आहे, पण तुसाचा वास तोच. मी खाली उतरले नाही. खिडकीतूनच पाहिलं आणि मला माझ्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला. गणितात नापास झाले होते. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता बडबडत होती, आता हिचं लगीनच लावा म्हणून. मी मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवले नव्हते, रडतही नव्हते. तुम्ही गिरण बंद करून दुपारीच घरी आलात. अंगावर सगळा कोंडा. शेजारी येऊन बसलात. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही हळूच विचारलंत, "मराचं मनात येतंय का गो?"

इतकं सरळ कुणी विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी भिंतीकडेच बघत "हो" म्हणाले. तुम्ही दचकला नाहीत, शपथा घातल्या नाहीत, आमच्या तोंडाकडे तरी बघ असंही म्हणाला नाहीत. "कधीपासून?" एवढंच विचारलंत. मग मी बोलत सुटले. परीक्षेच्या आधीपासूनचं सगळं, वर्गात काही कळेनासं झालेलं, झोप उडालेली, कुणाला सांगायची लाज. तुम्ही मध्ये एकदाही थांबवलं नाहीत. शेवटी म्हणालात, "आता थोडं दिस माज्याजवलच रा. गिरणीत चल."

मी निक्षून सांगितलं होतं, आईला सांगू नका. आणि तुम्ही संध्याकाळच्या आत आईला सांगितलंत, काकूला सांगितलंत, शाळेतल्या बाईंनाही जाऊन सांगून आलात! मी इतकी चिडले की ताट ढकललं. तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. तसे तुम्ही माझ्यावर क्वचितच रागावलात. "रुसलीस तरी चालंल. बोलू नको माज्याशी. पन जित्ती हाय तर रुसशील ना?" आई चुलीपुढून उठली आणि माझ्यामागे येऊन बसली. केसांना तेल लावत राहिली. पुढचे कितीतरी दिवस मी गिरणीत पोत्यावर बसून असायचे. कधी तुम्ही, कधी काकू, कुणी ना कुणी जवळ असायचंच. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी बाईंनी मुरबाडला शिकवणी लावून दिली, तेव्हा तुम्ही मला फुलाफुलांची छत्री आणलीत. तशी छत्री वर्गात कुणाकडे नव्हती. गणिताच्या भीतीपेक्षा ती छत्री कुणी पळवेल याचीच मला जास्त भीती.

तुम्ही असताना मी नोकरीला लागले नव्हते, म्हणून सांगते. मी शहापूर तालुक्यात समुपदेशक आहे. लोकांनी जीव देऊ नये म्हणून आधीच काय करता येईल, हे आमचं काम. आशाताई, अंगणवाडीच्या बाया, आश्रमशाळेतले शिक्षक यांना शिकवायचं की माणूस गप्प झालं, खाणं सुटलं, निरवानिरवीचं बोलू लागलं, तर सरळ विचारा. ऐकून घ्या, उपदेश करू नका. एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू घरातून हलवा, डॉक्टरकडे न्या. निकालाच्या दिवसांत, वीटभट्टीवरून माणसं परत येतात त्या दिवसांत, पाड्यांवर जास्त फिरा. पहिल्याच प्रशिक्षणात डोळखांबकडची एक आशाताई उठली. "मॅडम, नसलं मनात तरी इचारून येल ना?" मी म्हणाले, येत नाही. असतं ते हलकं होतं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

पण गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी तिचाच फोन आला. तिच्या पाड्यावरची एक मुलगी नापास झाली होती, सकाळपासून घरामागे बसून होती, हाकेला ओ देत नव्हती. "मी इचारलं, मॅडम. आमच्याच बोलीत इचारलं. हो बोलली. मी हातच नाय सोडला तिचा." मी पोहोचले तेव्हाही सोडला नव्हता. मुलगी एकच म्हणत होती, आयेला नका सांगू. आम्ही सांगितलं. आई आधी म्हणाली, नाटकं करते. मग लेकीच्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं आणि ती तिच्या शेजारी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी शहापूरला डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झालं. मावशी राहायला आली. मुलगी माझ्यावर इतकी चिडली की मी आले की आत निघून जायची. आशाताईला वाईट वाटायचं. मी म्हणायचे, रुसू दे.

श्रावणात गेले तेव्हा तिने काकडी चिरून, मीठ लावून पुढे ठेवली. आत गेली नाही, समोर बसली. नंतर फेरपरीक्षेतही एक विषय राहिलाच. मी धास्तावले होते. त्या दिवशी तिने स्वतःच आशाताईला फोन लावला. "ताई, परत नापास झाली. ये गो तू." आशाताई गेली, दोघींनी मिळून चहा केला, मग मला कळवलं. एवढंच झालं, बाबा. त्या दिवशी मी ऑफिसात दार लावून पोटभर रडले. आता ती पुन्हा फॉर्म भरते आहे.

हे पत्र टाकायचं कुठे, घडी करून कपाटात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. प्रत्येक प्रशिक्षणात मी तुमची गोष्ट सांगते. एका गावात एक गिरणवाला होता, त्याची मुलगी दहावीला नापास झाली, अशी. दर वेळी कुणीतरी विचारतंच, त्या मुलीचं पुढे काय झालं? बरी आहे, म्हणते मी. ती कोण, ते अजून एकदाही सांगितलेलं नाही.