चौदा येणारी मुलगी

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवण्यापेक्षा दगडाला पोहायला शिकवावं! सकाळच्या तासाला विचारलं, आम्ल पाण्यात ओतायचं की पाणी आम्लात? अर्धा वर्ग हे म्हणतोय, अर्धा ते. मागून एक शहाणा म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही ओता, आम्ही लांबून बघतो." हसू आलं, पण दाखवलं नाही.

दुपारचं प्रॅक्टिकल मात्र झकास. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल, वर ब्युरेटच्या रेषा आखलेल्या नळीत कॉस्टिक सोडा. थेंब थेंब सोडायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की नळ बंद, आणि किती मिलि लागला ते रीडिंग लिहायचं. दहा यायला हवं. अख्ख्या बॅचचं दहा! कुणाचं नऊ पूर्णांक नऊ, कुणाचं दहा पूर्णांक एक. लॅब असिस्टंट बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून या वेळी सगळी द्रावणं मी स्वतः केली होती. थोरले सर (आमचे विभागप्रमुख) वह्या चाळून म्हणाले, "पोरांच्या हाताला वळण लावलंत हं!" मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे याच महिन्याअखेर ठरणार आहे. एवढं कौतुक पुरे झालं मला. घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

एकीचंच चौदा आलं. खिडकीजवळची, दोन वेण्यांची. असतं एखादं.

५ फेब्रुवारी

पुन्हा चौदा. त्याच मुलीचं.

"ब्युरेट वाचता येते ना? की नळ सोडून खिडकीबाहेर बघत बसतेस?" वर्ग खिदळला.

"मॅडम, मी तीनदा केलं. तिन्ही वेळा चौदाच आलं."

"मग तीनदा चुकलीस."

चढ्या आवाजात बोलले का? बोलले. साठ मुलांना जमतं आणि हिला जमत नाही म्हणजे काय! मुलं आता तिला "ए चौदा" अशीच हाक मारतात. मी ऐकलं. रागवायला हवं होतं.

९ फेब्रुवारी

प्रॅक्टिकलची परीक्षा. चौदा. अचूकतेचे गुण शून्य, म्हणजे नापास. गुणपत्रक वर पाठवून मोकळी झाले.

१० फेब्रुवारी

ती स्टाफरूमच्या दारात उभी. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच. वडील नाहीत तिला. काका शिकवतात. "काकांनी सांगितलंय, एक जरी विषय राहिला तरी सामान बांधून परत यायचं. पाठच्या बहिणीही आहेत म्हणतात."

मी म्हटलं, अभ्यास करायचा होता.

"अभ्यास केला मॅडम. थिअरीत पहिली आहे मी. प्रॅक्टिकलमध्ये माझं नेमकं काय चुकतं तेवढं सांगा. मी सुधारते." डोळ्यांतून पाणी, आवाज मात्र सरळ.

"हात कच्चा आहे तुझा. स्वतःच्या हातावर एवढा विश्वास ठेवू नये." असं म्हणून मी पेपर तपासायला घेतले. ती गेली.

१२ फेब्रुवारी



दुसऱ्या वर्षासाठी आम्ल तोलायला कपाट उघडलं. बाटली हातात घेतली आणि पहिल्यांदाच लेबल नीट वाचलं — निर्जल! ऑक्झॅलिक आम्लाचे नेहमीचे खडे असतात, त्यांच्या पोटात पाणी असतं आणि ते पाणी हिशोबात धरूनच आपण वजन घेतो. ही नवीन बाटली कोरड्या पावडरची. मी वजन घेतलं खड्यांचं आणि ओतली पावडर. म्हणजे द्रावण भलतंच तीव्र.

दार लावून घेतलं, पहिल्या वर्षाचं उरलेलं द्रावण फ्लास्कमध्ये घेतलं आणि ब्युरेट भरली. दहा आलं, खाली रंगच नाही. अकरा, तरी नाही. बारा. तेरा. देवा, इथे तरी होऊ दे गुलाबी! चौदाला झालं.

पुन्हा केलं. चौदा.

बाकीच्या साठांनी काय केलं मग? काही केलंच नाही! वरच्या वर्गाच्या वहीतून दहा उतरवलं, थोडं इकडे थोडं तिकडे करून. ब्युरेटकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी कौतुकाने माना डोलावत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि फाशी देणारी मी!

जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

१३ फेब्रुवारी

थोरल्या सरांना सांगितलं. सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गुणपत्रक वर गेलंय. बदलायचं तर लेखी कारण द्यावं लागेल. द्रावण चुकलं, साठ मुलांनी आकडे ठोकून दिले आणि मला पत्ता नव्हता. द्याल असं लिहून? या महिन्यात?"

मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत राहिले.

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तिची फेरपरीक्षा लावतो. मुलगी पास होईल, तुम्ही कायम व्हाल, विषय संपला."

आणि मी "बरं" म्हटलं! किती पटकन म्हटलं! लाज वाटते स्वतःची, पण सुटल्यासारखंही वाटलं, ते कसं नाकारू.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई आली होती. तिला ऑक्झॅलिक काय आणि कॉस्टिक काय, सगळं सारखंच. जन्मभर कपडे शिवले तिने. पण ऐकून उखडलीच.

"म्हणजे पोरीचं माप बरोबर होतं आणि तुझी टेपच खोटी होती?"

"फेरपरीक्षा आहे गं. होईल पास."

"ती होईल तेव्हा होईल. आत्ता तिला एवढं तरी सांग ना, बाई, की तुझं बरोबर होतं! जीभ झडणार आहे का तुझी?"

सांगितलं तर ती मैत्रिणींना सांगणार. मैत्रिणी वर्गाला. वर्ग गावभर. ताईला हे समजावता समजावता माझाच आवाज मला किडका वाटायला लागला. ती चहा न घेता गेली.

१७ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून गेले. ती जिन्यात भेटली, वही छातीशी धरून. फार वाळली आहे.

"फेरपरीक्षेला शांतपणे कर," एवढंच निघालं तोंडातून.

"हो मॅडम. या वेळी चूक नाही करणार."

चूक! त्याच वेळी बोलायला हवं होतं. जिन्यात दुसरं कोणी नव्हतंसुद्धा.

१८ फेब्रुवारी

फेरपरीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. द्रावण आम्ही द्यायचं, खरं उत्तर बंद पाकिटात द्यायचं. रीडिंग जुळलं की पास.

मी ठरवलंय. दहाचं द्रावण द्यायचं नाही. दहा आलं तर कुणीही म्हणेल, पाठ करून आली. बाराचं द्यायचं. बारा कुणाच्या वहीत नाही, वरच्या वर्गाच्याही नाही. तिने बारा लिहिलं की परीक्षकांनाच कळेल या पोरीचा हात किती सच्चा आहे. मला एक शब्द बोलावा लागणार नाही. तिचा हातच बोलेल.

ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा दोन शब्द सोपे नव्हते का?" मी फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी

लेबल चारदा वाचलं. खडेच. वजन घेतलं, द्रावण केलं, तपासलं. बाराला गुलाबी. पाकीट चिकटवलं. या महिन्यात पहिल्यांदाच पोटभर जेवले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मी दारातून बघत होते. काय सुंदर केलं तिने! फ्लास्क हलवतेय, एकेक थेंब सोडतेय, गुलाबी झाल्याबरोबर नळ बंद. वाकून, डोळा रेषेला लावून वाचलं. थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली. मग लिहिलं.

परीक्षकांनी पाकीट फोडलं, तिचा कागद बघितला आणि मान हलवली. "ही तर ब्युरेटकडे न बघताच लिहून मोकळी झाली."

दहा. दहा. दहा. तिन्ही रकान्यांत.

ब्युरेट अजून स्टँडलाच होती. मी जवळ जाऊन बघितली. बरोबर बाराच्या रेषेवर.

बाहेर ती माझी वाट बघत उभी होती. तिला निकाल माहीत नव्हता. "मॅडम, आता मला कळलं कसं करायचं ते!" वर्षभरात तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.