उजवी खुर्ची

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

उशीर झाला, माफ कर. संक्रांतीपासून तुला उघडलं नाही, वही. लिहायला घेतलं की हात थांबतो. काळजी कागदावर उतरली की खरी होते, अशी माझी जुनी समजूत. बायको, मालन, असती तर म्हणाली असती, "तुमाला काळजी केल्याबिगर जेवन जात न्हाई." खरंच आहे ते.

काळजी हर्षलची, पोराची. जर्मनीला गेला तेव्हा इथल्या खोलीत त्याचं विमानाचं सगळं सामान सोडून गेला — मोठा कॉम्प्युटर, विमानात असतं तसं हँडल, पायाखालच्या पट्ट्या. त्याला पायलट व्हायचं होतं. ते काही झालं नाही, म्हणून हे पडद्यावरचं विमान. त्याची आई गेल्यावर त्यानं फोनवरूनच मला ते चालवायला शिकवलं. मी सातवी पास, जन्म गेला लष्कराच्या ट्रकवर सिव्हिल ड्रायव्हर म्हणून. मला कशाला विमान! पण शिकलो. रविवारी दुपारी मी इथून, भिंगारमधून, डाव्या खुर्चीत. तो तिकडून इंटरनेटवर उजव्या खुर्चीत. विमान एकच. पुण्याहून उडायचं, शिर्डीला उतरायचं. तो आला की पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव हिरवं होतं, आणि कानात आवाज — अगदी शेजारी बसल्यासारखा.

दिवाळीनंतर तो आवाज बसत गेला. "थंडी आहे इथं, आप्पा. घसा धरलाय." मी आलं-मध सांगितलं, हळद-दूध सांगितलं, मफलर सांगितला. मग रविवार चुकायला लागले. फोन केला की सूनबाई उचलते. "मीटिंगमध्ये आहेत, आप्पा." रविवारी कसली मीटिंग!

आता मेसेज आलाय. माझ्यासाठी त्यानं एक को-पायलट विकत घेतलाय. माणूस नाही, कॉम्प्युटरच्या आतला. बोलतो, यादी वाचतो, चाकं वर-खाली करतो म्हणे. शेवटी लिहिलंय — "आता माझ्यासाठी थांबत जाऊ नका, आप्पा. खरं वाटतं का ते मात्र सांगा."

पहिलं वाक्य मला आवडलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रमीज येऊन को-पायलट बसवून गेला. रज्जाकचा मुलगा. बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. रज्जाकही आला, न बोलावता. आम्ही दोघं एकाच ट्रकवर होतो, त्यामुळे शेजारच्या सीटवरच्या माणसाचा विषय निघाला की तो स्वतःला मोठा जाणकार समजतो.

को-पायलट बोलला. इंग्रजीत. बँकेच्या फोनवर बाई बोलते ना, तसा गुळगुळीत. फक्त पुरुषाचा.

रज्जाक म्हणाला, "बरा हाय की रं, कारभारी. बिडी मागत न्हाई, घोरत न्हाई."

"तू घोरायचास."

"म्हनून तर तू जागा ऱ्हायचास!"

रमीज हसला नाही. त्याचं म्हणणं, यानं सगळं खऱ्याच्या जवळ जातं. "चाचा, खऱ्या विमानात दोघं असतात. एक चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो आणि बोलतो. एकट्यानं सगळी बटणं दाबणं, हेच तर खोटं." मुद्दा पटला.

पण माझी दुसरी खुर्ची रिकामी कुठं होती?

रविवार, ९ फेब्रुवारी

उडालो त्याच्याबरोबर. उगाच नावं ठेवत नाही — काम चोख आहे. धावपट्टीवर वेग मोठ्यानं सांगतो. चाकं वर म्हटलं की वर. माझं इंग्रजी त्याला कळेना, रमीजनं सांगितलं तसं तोंड वाकडं करून बोललो, मग कळलं. यादीतली एक ओळ गाळत नाही. हर्षल गाळायचा. मध्येच विचारायचा, "जेवलात का? काय केलं होतं?" मी पिठलं म्हटलं की तिकडे जर्मनीत बसून उसासा!

मग पुणतांबा आलं.

शिर्डीला पूर्वेच्या बाजूनं उतरायचं तर पुणतांब्यापर्यंत जाऊन वळतो आम्ही. मालनचं माहेर. तिची दशक्रियाही तिथंच गोदावरीच्या घाटावर केली, तिनंच सांगून ठेवलं होतं. हर्षलला येता आलं नाही. त्यानं मोबाईलवर बघितलं. पडद्यावरचं पुणतांबा काही पुणतांबा नाही. भलतीच घरं, देऊळ नाही, घाट नाही. हर्षल म्हणायचा, "घरं खोटी आहेत, आप्पा. पण नदी खरी आहे."

नदी दिसली की मी म्हणायचो, "घे." तो म्हणायचा, "घेतलं." खऱ्या विमानात असाच नियम आहे म्हणे. दुसऱ्यानं तोंडानं 'घेतलं' म्हणेपर्यंत पहिल्यानं हँडलवरचा हात सोडायचा नाही. त्यानं घेतलं की मी नदीला हात जोडायचो. आणि तो माझ्या बाजूचा, डावा पंख दोनदा खाली करायचा. हळू. मग वळण. यावर आम्ही कधी बोललो नाही. ठरवलं पण नव्हतं. पहिल्यांदा त्यानं केलं आणि मग होतच राहिलं.

आज 'घे' इंग्रजीत म्हणालो. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं घेतल्याचं सांगितलं. हात जोडले.

विमान सरळ गेलं. सुतासारखं सरळ.

सोमवार, १० फेब्रुवारी

हर्षलचा मेसेज. "कसा वाटला? खरं वाटतं का?"

पोरानं हौसेनं घेतलंय. लिहिलं — "छान आहे. अगदी खरं वाटतं. तू बसल्यासारखंच."

लगेच उत्तर आलं. "बरं झालं, आप्पा. आता मला काळजी नाही."

दिवसभर हे वाक्य चघळतोय. आता काळजी नाही! असं माणूस कधी म्हणतो? गावाला निघताना म्हणतो. शेजाऱ्याकडे किल्ली देताना म्हणतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फोन केला. सूनबाई. "झोपलेत, आप्पा." तिकडे भर सकाळ. हर्षल आणि सकाळी झोपलेला?

रविवार, १६ फेब्रुवारी

आज विमान पाडलं. लक्ष नव्हतं. वेग जास्त, उंची जास्त, तरी तसंच शिर्डीला उतरवायला गेलो. को-पायलट आकडे सांगत राहिला. पाचशे. दोनशे. शंभर. शांतपणे. हर्षल असता तर ओरडला असता, "आप्पा, वर घ्या! वर घ्या म्हणतोय ना!" आणि नंतर हसला असता.

धावपट्टी संपली, विमान खड्ड्यात गेलं, पडदा काळा. पुन्हा सुरू केलं तर तोच आवाज, तीच नमस्कार-चमत्काराची ओळ, तोच आनंद. जसं काही घडलंच नाही. खुर्चीतून उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रज्जाक चहाला आला होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "पोरगं कटाळलं असंल तुला. दर रविवारी मफलर घाल, आलं खा. इमान चालवतो का दवाखाना?"

मला लागलं. त्याला कळलं. बशीतला चहा संपवून म्हणाला, "ह्या मशिनीचं सांगू का? तुज्यासंगं भांडत न्हाई ती. आपुन ट्रकवर किती भांडलो! शेजारचा मानूस भांडत न्हाई, मग त्यो खरा कसा?"

जाताना दारातून, "निकिताला इचार. भनीला सगळं ठावं असतं."

निकिताला विचारलं फोनवर. "कामात असंल दादा, आप्पा." आणि लगेच कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवला. मला शिट्टी ऐकू आली नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

लष्कराच्या रेंजवर रणगाड्यांचं फायरिंग, खिडक्या हलतायत. उडालो नाही. को-पायलटकडून नुसती यादी वाचून घेतली आणि बंद केलं.

शनिवार, १ मार्च

निकिता सोनईहून आली. पिशवीत मेथी, हरभऱ्याचे डहाळे. भाजी निवडत बसली. मी सहज म्हणालो, हर्षलला लिहिलं की तुझा को-पायलट खरा वाटतो, तर खूश झाला.

तिचा हात थांबला.

"म्हाईत हाय. तुमचा त्यो मेसेज त्यानं मला धाडला हुता."

"मग रडतेस कशाला?"

"कुटं रडतीय."

"निके, मी तुझा बाप आहे."

मग बोलली. मेथीकडे बघत बोलली. हर्षलला घशाचा कॅन्सर निघाला. थंडी नव्हती ती. संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. आता गळ्याला भोक आहे, तिथून श्वास घेतो. बोलता येत नाही. पुढेही नाही.

"आप्पाला सांगायचं न्हाई म्हनला. शपत घातली. आई गेली तवा तुमचं काय झालं हुतं, आटवतं ना? तुमी घाबरता, आप्पा. लई घाबरता."

तिनं पाणी दिलं, ते प्यालो. बीपीची गोळी दिली, ती घेतली.

म्हणजे आजारी तो, आणि सगळ्यांनी सांभाळलं मला. ऑपरेशनला जाताना त्याला एकच चिंता — रविवारी आप्पाच्या कानात कोण बोलणार? स्वतःचा आवाज जाणार म्हणून दुसरा विकत घेऊन दिला. आणि मी तो कसा आहे हे तपासत बसलो!

आलं-मध. मफलर. नुसती यादी वाचणारा तो मीच होतो.

रविवार, २ मार्च

सकाळपासून मेसेज लिहितोय आणि पुसतोय. शेवटी हा पाठवला —

"हर्षल, निकितानं सांगितलं. तिला रागावू नकोस. मी बरा आहे, गोळी घेतली. को-पायलटबद्दल मी खोटं लिहिलं होतं. काम चोख करतो, पण खरा नाही वाटत. ओरडत नाही. जेवलात का विचारत नाही. पुणतांब्याला सरळ निघून जातो. पुढच्या रविवारपासून मी त्याला बंद करून बसणार. उजवी खुर्ची तुझी आहे. बोलायचं काही नाही. नुसता येऊन बस."

मंगळवार, ४ मार्च

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

गुरुवार, ६ मार्च

सूनबाईचा, अश्विनीचा, फोन. आता तीही लपवत नाही. हर्षलला ताप भरला म्हणून पुन्हा दवाखान्यात ठेवलंय. मी म्हणालो, सूनबाई, मला सगळं सांगत जा, मी घाबरलो तरी सांगत जा. घाबरण्यानं मरत नाही माणूस.

"तुमचा मेसेज वाचला त्यांनी, आप्पा. खूप रडले. आता रडताना आवाज होत नाही हो त्यांचा. मी पाठमोरी असले तर कळतसुद्धा नाही."

रविवार, ९ मार्च

दुपारभर बसलो. त्याचं नाव राखाडीच. तो दवाखान्यात आहे हे माहीत असूनही बसलो. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा फिरत होता. विमान पुण्याच्या धावपट्टीवर उभं ठेवून उठलो.

शुक्रवार, १४ मार्च

घरी सोडलं त्याला. एवढंच कळलं. ताप गेला की नाही, कोणी सांगत नाही. गाठीचं काय, पुढं काय, सूनबाईला विचारलं तर म्हणते, तपासणी बाकी आहे.

रज्जाक आला होता. विनोद केला नाही. शेजारी बसून राहिला.

रविवार, १६ मार्च

को-पायलट बंद केला. कोपऱ्यातल्या नावाकडे मुद्दाम पाहिलं नाही, धीर होईना. उडालो. नदी दिसली तेव्हा मोठ्यानं म्हणालो, "घे रे."

'घेतलं' कोणी म्हणालं नाही. नियम मोडला. हात सोडले, जोडले.

डावा पंख खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला.

हर्षल — डॉक्टर काय म्हणतात, ताप उतरला का, जेवण जातं का, सगळं कळव. शब्द नको. पंख हलव, मला कळेल. पण लवकर रे. लवकर कळव.