लाल टोपी आणि माझी ताडाची झाडं

१४ डिसेंबर, एकेच्या बाजाराचा दिवस

नाही म्हणजे नाही! ओनिचाहून एमेनिके आला तो तेच घेऊन. गाडीतून उतरून पोरगा पाणीसुद्धा प्यायला नाही. म्हणे, बाबा, यंदा तुम्ही ओझोची पदवी घ्या, गावातला मोठा मान. लाल टोपी, घोट्याला दोरा, मेजवानी – सगळा खर्च मी करतो म्हणे.

आणि टोपी डोक्यावर आली की झाडावर चढणं बंद. ओझो झालेल्याचे पाय जमीन सोडत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी ताडी उतरवणारा माणूस. जमिनीवर बसून काय करू, बायकांबरोबर अळकुड्या सोलू?

१५ डिसेंबर

सकाळी तीन झाडं केली. उतरताना पाय जरा थरथरले. वाऱ्याने. कोरडा वारा सुटलाय, धुळीने डोळे उघडवत नाहीत.

१८ डिसेंबर

कळलं त्याच्या पोटात काय आहे ते! बाप जिवंत असताना बापाआधी मुलाला टोपी घेता येत नाही. म्हणजे टोपी हवी आहे साहेबांना, आणि मी मध्ये अडसर. आधी मला घोड्यावर बसवायचं, मग स्वतः बसायचं.

मी आयुष्यभर शेंड्याशी बसून शीळ घातली. हा दहाव्या वर्षापासून बाजारात घसा फोडतोय. आता सिमेंटचा व्यापार, तीन लॉऱ्या, घरातही चालतो तो उशीर झाल्यासारखा. माझ्या पोटी हा कुठून आला, म्हणून बायकोला विचारलं. ओबियागेली म्हणाली, माझ्या बापावर गेलाय. तरी म्हटलं.

२२ डिसेंबर

जेवताना वाजलं. म्हणाला, चार माणसांत तुम्हाला मांसाचा वाटा सगळ्यांत शेवटी मिळतो, मला बघवत नाही. मी म्हटलं, बघू नकोस. वाटा शेवटी मिळाला तरी ताडी सगळे माझीच पितात.

पुन्हा तेच सुरू केलं तेव्हा तोंडावर सांगितलं, "मी मरेपर्यंत थांब. मग घाल एकावर एक दोन टोप्या."

तो हात धुऊन उठला. दारात थांबून म्हणाला, "तसं बोलू नका, बाबा." आवाज इतका खाली, की आधी मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. व्यापारी माणूस, सगळे आवाज काढता येतात.

२३ डिसेंबर

बोलत नाही. मीही नाही.

२६ डिसेंबर

आज मी वर आणि तो खाली! मान वर करून उभा. मी उतरेपर्यंत हलला नाही. पाळत ठेवतो बापावर! मुद्दाम आणखी एक झाड चढलो, सगळ्यांत उंच. खाली आलो तर शर्ट घामाने भिजलेला – त्याचा. उन्हात उभं राहायला सांगितलं होतं कोणी?

२९ डिसेंबर

न्झेक्वे आला होता, ओझो मंडळींचा म्होरक्या. पाहुण्याच्या मानाची कोलाची बी फोडली, आणि मी सरळ सांगून टाकलं की पोराला टोपी मिळावी म्हणून मी झाड सोडणार नाही.

न्झेक्वे माझ्याकडे बघतच राहिला. "त्याने स्वतःसाठी मागितलीच नाही. मीच म्हटलं, बापामागोमाग तूही घे. तर म्हणाला, मला नको."

मग म्हणाला, इलोकाला पुरलं त्याच आठवड्यात एमेनिके न्झेक्वेकडे गेला होता. इलोका म्हणजे माझा जोडीदार, पावसाळ्यात शेंड्यावरून पडून गेला तो.

"एकच गोष्ट दोनदा विचारली त्याने," न्झेक्वे म्हणाला. "टोपी घातली की माणसाला चढता येत नाही, हे नक्की ना?"

तो गेल्यावर अंगणातच बसून राहिलो. ओबियागेलीने जेवायला बोलावलं, उठवेना. गाढव पोरगा. सरळ सांगायचं ना, की बाबा, तुम्ही म्हातारे झालात, मला भीती वाटते! सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. हे त्याला माहीत होतं.

३० डिसेंबर

टोपी घेणार नाही. त्यात बदल नाही.

सकाळी एमेनिके घाईघाईने चपला चढवत होता, माझ्या झाडाखाली उभं राहायला. मी म्हटलं, "बस. मी घरीच आहे."