दर आठवड्याला सात

सोमवार, ४ नोव्हेंबर
पोहोचलो एकदाच्या! नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचं सहा आठवड्यांचं प्रत्यक्ष काम, आणि आमच्या वाट्याला हे छोटंसं आरोग्य केंद्र. आम्ही म्हणजे मी आणि माझी रूममेट बारकी. (उंची पाच फूट नऊ, म्हणून बारकी.) खोली केंद्राच्या वरच. दोन खाटा, एक टेबल, धुतलेले पडदे. इथल्या मुख्य सिस्टरना सगळे मोठ्या बाई म्हणतात. भारी प्रेमळ. म्हणाल्या, घर समजून राहा. बारकी लगेच पाय पसरून घोरायलाही लागली.

बुधवार, ६
काम सोपं आहे. घरोघर जायचं, ताप कोणाला ते विचारायचं, रजिस्टरात नाव लिहायचं, नव्या रुग्णांचा आलेख काढायचा. मी हौसेने वर्षभराची पानं काढून बसले आणि चक्रावले. साथ म्हटली की चढते, उतरते. इथे दर आठवड्याला नवे रुग्ण सात. सहा नाहीत, आठ नाहीत. रेघ अगदी पट्टी ठेवून ओढल्यासारखी. बारकी म्हणाली, कोणीतरी आळशी माणूस खुर्चीत बसून आकडे ठोकतोय. मलाही तेच वाटलं. संतापच आला.

शुक्रवार, ८
आकडे खोटे नाहीत. गेल्या आठवड्याची सातही घरं पालथी घातली. ताप सगळ्यांना खराच आला होता. पण त्यातलं घरात कोणीच नाही! पहिल्या घरी आई म्हणाली, पोरगा मामाकडे गेलाय, तिकडची हवा चांगली. दुसऱ्या घरी पंच्याहत्तरीचे सासरे मामाकडे. तिसऱ्या घरीही तेच, शब्दाला शब्द. अख्ख्या गल्लीला एकच मामा की काय! बारकी हसत सुटली. मला नाही हसू आलं. ती आई बोलताना माझ्याकडे बघतच नव्हती.

सोमवार, ११
रजिस्टर परत चाळलं. बरे झालेले शून्य. दगावलेले शून्य. मग आजारी माणसांचा एकूण आकडा फुगायला हवा ना? तो सातच्या वर जातच नाही. बाकीचे गेले कुठे? शेवटी सापडलं. रोगाचा दर काढताना खाली लिहितात तो लोकसंख्येचा आकडा, तो दर शनिवारी सातने कमी होतो. शेरा एकच: ‘बाहेरगावी’. मोठ्या बाईंना विचारलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, आकडे जुळतात ना, मग झालं तर.

बुधवार, १३
बारकीला ताप. एकशे दोन. आणि मी, शिकवलंय तसं, प्रामाणिकपणे रजिस्टरात तिचं नाव लिहिलं. सातवं. लिहून झाल्यावर कळलं काय केलं ते. गाढव मी, मूर्ख! खोडायला धावले तर रजिस्टर मोठ्या बाईंनी उचलून नेलेलं.

शनिवार, १६, सकाळ
औषध आणायला खाली गेले. दहा मिनिटं फक्त. वर आले तर खाट रिकामी, चादर घडी घालून ठेवलेली. चपला खाटेखाली. कंपाउंडर म्हणतो, मामाकडे गेली, तिकडची हवा— तिला मामाच नाही! तिच्या आईला भाऊ नाही, मला पक्कं माहीत आहे—

दुपार
मागच्या बंद वॉर्डातून तिचा आवाज. मला हाका मारतेय. दार हलत नाही. मोठ्या बाईंच्या पाया पडले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सोडते तिला, पण संध्याकाळच्या आत सात भरले पाहिजेत. एकदा सहाच दिले, तर त्याने पूर्ण गल्ली घेतली. ‘त्याने’ म्हणजे कोणी, ते सांगितलं नाही. रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. पेनही दिलं.

चार वाजता
बारकीचं नाव खोडलं. ओळ रिकामी. कोणाचं लिहू— ज्यांच्यामागे कोणी विचारणारं नाही— कोपऱ्यावरच्या आजी. एकट्याच असतात. काल मला बसवून पाणी दिलं, वाळलीस गं म्हणाल्या— ऐंशीच्या आहेत, जगल्यात की भरपूर— शी, काय लिहितेय मी हे—
लिहिलं.

पाच
बारकी आली. झोपलीय. श्वास नीट चालू आहे. देवा, सुटलो—
जिन्यात पावलं. सावकाश. आजीच आहेत. हातात पिशवी. म्हणतात, अंगात कणकण आहे, मोठ्या बाईंनी मागच्या वॉर्डात बोलावलंय, वाट सापडत नाही, तूच जरा हात धरून पोचव ना गं, तुझ्याशिवाय माझं इथे कोण—