टाकीखाली दोन तिकिटं

१५ जानेवारी, शुक्रवार

उद्या! उद्या, उद्या, उद्या.

दोन तिकिटं गणपतीच्या फोटोमागे ठेवलीत. बाबांनी पाहिलीच. "कसली?" म्हटलं, रेड ऑक्साइडची. "प्राइमरला तिकीट?" बाबा कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये. लोखंडाला रंग द्यायच्या आधी जो लाल थर मारतात तो रेड ऑक्साइड, त्यांच्या नखांत तीस वर्षं बसलेला. म्हटलं, बँड आहे, दिल्लीचा. गिटार, ड्रम. म्हणाले, "मग आवाज गंजायचा नाही." आणि पेपरात डोकं. आता आठवडाभर बोलायचे नाहीत.

हेमंत येतोय. दोन वर्षांनी! त्याचे वडील रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, सगळे भोपाळहून पुण्याला गेले. आमची-त्यांची भिंत एकच होती. तिच्यावर मागच्या बाजूने आम्ही बँडचं नाव खऱ्याखुऱ्या रेड ऑक्साइडने लिहिलं होतं. नवीन लोकांनी तीनदा चुना मारला. अजून दिसतं.

ठरलंय — पाच वाजता, टाकीखाली. दसरा मैदानाबाहेरची पाण्याची टाकी. आमचं सगळं टाकीखालीच ठरायचं, क्रिकेटची टीमपण. रात्रीच्याच गाडीने तो परत, रविवारी ड्यूटी आहे त्याला.

शपथ होती — हा बँड एकट्याने ऐकायचा नाही. कॅसेटच्या बाबतीत मी मोडलीय. पुष्कळदा. पण कॅसेट म्हणजे काय खरं ऐकणं नव्हे.

१६ जानेवारी, शनिवार

आला नाही.

१७ जानेवारी, रविवार

काल पुढे लिहवलं नाही.

साडेचारलाच टाकीखाली गेलो. लोक यायला लागले होते — एम. पी. नगरच्या कोचिंगमधली पोरं, काळे टी-शर्ट, आमच्या टाउनशिपमधले काका स्वेटर आणि मफलर घालून, बायका-पोरांसकट. जणू रामलीला आहे. एका काकूंनी सतरंजी आणली होती.

मधे जनरेटरचा ट्रॅक्टर चिखलात फसला. मैदानाच्या मागे. "भैया, हाथ लगाना!" — गेलो धक्का मारायला. निघाला. मग तिथे बँडचा एक माणूस दातांनी वायर सोलत होता आणि सिगरेटच्या निखाऱ्यावर जोडाला डाख देत होता, ते जरा बघितलं. दहा मिनिटं. फार तर वीस. परत टाकीखाली. शेंगदाणेवाल्याला विचारलं, कोई आया था क्या मुझे पूछने? म्हणाला, "सब तो आ रहे हैं भैया, किस-किस का नाम लूँ!"

साडेपाचला सुरू झालं. मी बाहेरच. येईल, गाडी लेट असेल. कनातीच्या पलीकडून पहिलं गाणं. दुसरं. ड्रमचा आवाज टाकीच्या खांबातून पाठीत येत होता. आत जाऊ शकत होतो! दोन तिकिटं खिशात. पण मी आत गेलो आणि तो आला तर? मी टाकीखाली दिसलो नाही तर तो काय म्हणेल — गेला इटारसीला.

इटारसी म्हणजे — मागच्या वर्षी त्याच्याकडे पुण्याला निघालो होतो. झेलम एक्स्प्रेस, तिकीट पुण्याचं. इटारसीच्या प्लॅटफॉर्मवर एक माणूस बाजाची पेटी उघडून बसला होता, एक सूर लागत नव्हता. लागेपर्यंत थांबलो. लागला! गाडी गेली. त्या दिवसापासून बी.कॉम. सोडलं तरी इटारसी, आय.टी.आय. सोडलं तरी इटारसी, दूध आणायला जाऊन उशीर झाला तरी बाबा म्हणतात, "आलात इटारसीहून?"

सात वाजता कारखान्याचा भोंगा झाला. नेमका गाणं एकदम थांबलं तेव्हा. आणि मैदानात केवढा ओरडा! काय झालं ते मला दिसलं नाही. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं पुढे होतं, मागे केलं.

आठला संपलं. बाहेर येणाऱ्या लोकांचे चेहरे घामाघूम, जानेवारीत. मी सगळे बघितले. सगळे नाही, अर्धे मागच्या गेटने गेले असतील.

घरी आलो. बाबा म्हणाले, "हेमंत?" म्हटलं, नाही आला. ते उठले, त्याच्यासाठी बाजूला काढलेल्या दोन पोळ्या माझ्या ताटात टाकल्या.

१८ जानेवारी, सोमवार

काही नाही. सायकलने मिसरोदपर्यंत गेलो, परत आलो. वाटेत एक उंट बसला होता, रस्त्याच्या कडेला, एकटाच. माणूस नाही, दोरी नाही. अर्धा तास मीपण बसलो.

१९ जानेवारी, मंगळवार

एम. पी. नगरला श्यामच्या दुकानात. श्याम कॅसेट भरून देतो — आपण गाण्यांची यादी द्यायची, तो दोन दिवसांनी देतो, दोन गाणी स्वतःच्या मनाची घालून. दुकान गच्च! शनिवारचे सगळे. एक बोलतोय, चौघं कापतायत. "सोलो में स्ट्रिंग टूटी, फिर भी बजाता रहा!" "टूटी नहीं बे, उसने खुद तोड़ी!" "तू पीछे था, तुझे क्या दिखा!" भांडण. एकाने काउंटरवर ड्रम वाजवून दाखवला, श्यामची चहाची ग्लासं सांडली.

काउंटरवर एक रजिस्टर. ज्याने त्याने आपल्याला काय दिसलं, काय वाटलं ते लिहायचं, मग ते बँडला दिल्लीला पाठवणार. ही कल्पना कांचनची. नेहरू नगरची, वडील सेक्रेटरिएटमध्ये, मूळची नागपूरकडची. कोणी थापा मारल्या की सरळ खोडते. "हे खोटं आहे, मी तिथीच होती."

श्यामने मला विचारलं, "तू कहाँ खड़ा था?"

आणि मी म्हणालो — सबसे आगे.

का म्हणालो? तोंडातून गेलं. बाहेर उभा होतो म्हटलं असतं तर सगळे माझ्याकडे बघून गप्प झाले असते. मग मी हळूच निघालो असतो. माहितीय मला ते निघणं.

जागा करून दिली त्यांनी. स्टूल दिलं!

२० जानेवारी, बुधवार

ईदची सुट्टी. दुकान बंद. उगाच जाऊन शटर बघून आलो.

२१ जानेवारी, गुरुवार

रजिस्टर वाचलं सगळं. प्रत्येकाने एक गोष्ट लिहिलीच आहे — बाराव्या गाण्यात सगळं थांबतं, लांबून एक आवाज उठतो, आणि अर्धं मैदान एकदम मूठ वर करतं. गाणारा ते बघून स्वतः मूठ वर करतो, डोळ्यांत पाणी. "क्या सैल्यूट था!" "रोंगटे खड़े हो गए!" एकाने लिहिलंय की असा इफेक्ट त्याने आयुष्यात ऐकला नाही.

मी हसायलाच लागलो. थांबवेना.

कांचन म्हणाली, "काय झालं? काऊन हसून राहिला?"

म्हटलं, इफेक्ट कसला! तो आमचा सातचा भोंगा. भोंगा झाला की टाउनशिपचा माणूस मनगट वर करतो, घड्याळ बघतो, मागेपुढे असेल तर लावतो. जेवत असला तरी. मयतीत असला तरी! ते मफलरवाले काका घड्याळं लावत होते.

मग कांचन अशी हसली — काउंटरला धरून. "अरे बापा! आणि तो बिचारा रडून राहिला होता स्टेजवर!" श्याम म्हणाला, "भोपाल ने रुला दिया उसको, टाइम देख के!" माझ्या पाठीवर थापा. कांचनने रजिस्टरमध्ये माझ्या नावाने लिहिलं सगळं. नीळकंठ, टाउनशिप, सबसे आगे.

खरी गोष्ट सांगितली मी. तेवढी एक. आणि ती बाहेरूनपण कळते.

दोन वर्षांत मला एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. घरी येताना सायकल चढावर चालवत आणली, उतरलो नाही.

२५ जानेवारी, सोमवार

हेमंतचं कार्ड!

"नीलू, सुट्टी मिळाली नाही, येता आलं नाही. तू गेला असशीलच. कसं झालं ते लिही. कुठे होतास तेपण लिही. — हेमंत."

एवढंच. पूर्वी कार्डाच्या कडेकडेने, उभं-आडवं, पत्त्याच्या बाजूलासुद्धा लिहायचा. पोस्टमनला कळू नयेत म्हणून शिव्या गुजरातीत. आता पाच ओळीही नाहीत. नोकरी लागली की माणसं अशी होतात का?

राग नाही. सुट्टी नाही मिळाली तर काय करणार. पण आता मी काय लिहू — की अडीच तास टाकीखाली उभा राहिलो, दोन तिकिटं घेऊन? त्याला वाईट वाटेल. आणि मला हसेल. दोन्ही नको.

त्याला असं पत्र लिहीन की त्याला वाटेल आपण इथेच होतो. मग तो येईल. उन्हाळ्यात तरी.

२८ जानेवारी, गुरुवार

रोज दुकानात. वहीत टिपून आणतो. कोणी काय घातलं होतं, दिवे कसले, तार तुटली की तोडली (मी "तुटली" धरलं). श्याम म्हणाला, "अबे, तू तो वहाँ था, हमसे क्या पूछता है?" म्हटलं, आगे से पूरा नहीं दिखता. पटलं त्याला.

कांचनने पूर्ण रोल काढलाय फोटोंचा. पण धुवायला टाकला नव्हता, अकरा फोटो उरले होते आणि आई म्हणाली वाया नाही घालवायचे. मग ते वैजयंतीमावशीकडच्या हळदीकुंकवात संपवले. रविवारी मिळतील.

३० जानेवारी, शनिवार

पत्र झालं. बारा पानं! आयुष्यात एवढं लिहिलं नाही, परीक्षेतसुद्धा नाही.

अकराला भोंगा झाला, हुतात्मा दिनाची दोन मिनिटं शांतता असते तो. बाबा अंगणात बनियनवर सरळ उभे. मी पेन धरून उभा. शेवटचं पान लिहीत होतो, तेच — भोंग्याचं. "तू असतास तर तूपण मनगट वर केलं असतंस, साल्या." आणि त्याने विचारलंय ना कुठे होतास — म्हणून अगदी शेवटी, ठळक, दोनदा गिरवून: "मी सगळ्यात पुढे होतो. पहिल्या गाण्यापासून. असली मजा कधीच आली नाही."

संध्याकाळी पेटीत टाकलं. शेवटची थैली निघून गेली होती, म्हणजे सोमवारी निघेल.

बरं वाटतंय. भूक लागली.

३१ जानेवारी, रविवार

फोटो आले.

श्यामच्या काउंटरवर पसरले. वाणाच्या प्लास्टिकच्या वाट्या, बायका, नथी, मधेच गिटार. सगळे हसतायत. कांचनने एक उचलला — "हा पहा तुझा भोंगा!" शंभर मनगटं वर. काका, काकू, सतरंजीवालीपण. मी एकेक चेहरा बघत होतो, ओळखत होतो, हे देशपांडेकाका, हा कॅन्टीनवाला.

उजव्या कोपऱ्यात हेमंत.

मनगट वर. पण घड्याळाकडे बघत नाहीये, स्टेजकडेपण नाही. मान पूर्ण मागे. गेटकडे.

मी म्हटलं, हा कोण?

"हा? अरे हा पागलच होता. पूर्ण टाइम पाठ करून उभा. मी म्हटलं, भाई, सामने देखो, पैसे दिले ना! तर म्हणते कसा — माझा दोस्त येणार आहे. टाकीखाली पाऊण तास पाहिलं म्हणे, नाही दिसला, तर वाटलं आत आला असन, म्हणून तिकीट काढून शोधून राहिला. लय वेळ शोधलं. गाडी आहे म्हणून संपायच्या आधीच गेला, मागच्या गेटने." मग माझ्याकडे बघून, "काऊन? तुझ्या ओळखीचा आहे?"

म्हटलं, आमच्या टाउनशिपचा होता.

"मग तू तर पुढंच होता! तुला नाही दिसला?"

ट्रॅक्टर. आणि तो वायर सोलणारा. वीस मिनिटं नव्हती ती. खूप होती. पाऊण तास होता.

तो टाकीखाली, मी चिखलात. तो आत, मी टाकीखाली. आणि कार्डावर विचारलं त्याने — कुठे होतास. बाकी काहीच विचारायचं नव्हतं त्याला. सुट्टी मिळाली नाही हे त्याने का लिहिलं, कळतंय मला. मीपण तेच केलं असतं. तेच केलं मी.

बारा पानं. "मी सगळ्यात पुढे होतो." दोनदा गिरवलेलं.

कांचनला खरं सांगितलं. सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही. श्यामने टेप बंद केला. कांचनने रजिस्टर ओढलं, माझं "सबसे आगे" खोडलं. मग लिहिलं — "टाकीखाली." फोटो मला दिला. "घेऊन जा. निगेटिव्ह आहे माझ्याकडे."

१ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

पोस्टात गेलो, खिडकी उघडायच्या आधी. बाबू म्हणाला, पेटीतली थैली मघाशीच स्टेशनावर गेली. हात जोडले. म्हणाला, "भैया, डाल दिया सो डाल दिया. आज झेलम से निकलेगी, कल पूना में बँट जाएगी."

बॅग भरली. बाबा ड्यूटीला निघत होते. "कुठे?" पुण्याला. हेमंतकडे. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, माझ्याकडे बघितलं. "इटारसीचंच काढ तिकीट. पुढचं वाया जातं."

मग परत आत गेले आणि डब्यातल्या त्यांच्या पोळ्या माझ्या बॅगेत ठेवल्या.

१ फेब्रुवारी. गाडीत

इटारसी. झेलमच्याच पुढच्या डब्यातून टपालाची पोती उतरवताना पाहिली. पुण्याचं उतरलं नाही.

मीपण नाही.