कालव्यापलीकडून आलेला तिसरा अर्ज

दि. ४ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिका हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली मिळाली. लहानपणी तू एका जेवणात चाळीस प्रश्न विचारायचीस आणि ताई कपाळाला हात लावायची, की या पोरीचं पुढे कसं होणार. झालं ते छानच झालं. त्याच चाळीस प्रश्नांसाठी विद्यापीठाने तुला खुर्ची दिली.

सगळे रकाने भरून प्रश्नावली सोबत पाठवतो आहे. वेगळ्या वस्तीतलं कुटुंब शेजारी आलं तर मला त्रास होईल का? पूर्ण असहमत. वेगळ्या पक्षाला मत देणाऱ्याबरोबर काम करणं जड जाईल का? पूर्ण असहमत. सतराव्या प्रश्नात तू विचारतेस, की माणूस निवडताना माझ्या मनात पूर्वग्रह असतो का. तिथे पेन इतकं दाबून खूण केली आहे की ती मागच्या पानावर उमटली. अगं, एकोणतीस वर्षं मी वजनकाट्यांच्या कारखान्यात नोकरभरती करतो आहे. काट्याला काय, समोर कोण आहे ते कळत नाही. मलाही कळत नाही.

तुमच्या संशोधनाचं मात्र कौतुक वाटतं. मागच्या पत्रात लिहिलं होतंस की डबा खाताना लोक आपल्यासारख्यांच्या शेजारीच बसतात, हे सिद्ध करायला तुम्हाला तीन वर्षं लागली. मला विचारलं असतंस तर एका पोस्टकार्डात काम झालं असतं.

इकडची बातमी म्हणजे तपासणी विभागातले आजोबा निवृत्त झाले. तयार काटा तपासून शिक्का मारणारं माणूस महिनाअखेरीपर्यंत हवं आहे. एका मुलीचा अर्ज फार आवडला. टेकडीरस्त्याला राहते, सहा वर्षांचा अनुभव, भाषा नेटकी. चांगल्या घरातली असणार हे अर्जावरूनच कळतं. तिला गुरुवारी बोलावलं आहे. जवळपास तसाच एक अर्ज कालव्यापलीकडच्या वस्तीतूनही आला होता. पण आमची पाळी सकाळी सातला सुरू होते, आणि तिकडून यायचं म्हणजे बिचारीचे हालच. तिच्या सोयीचा विचार करून तो बाजूला ठेवला. तिकडची सगळी मतं एकगठ्ठा त्या दुसऱ्या पक्षाला जातात, त्याचा इथे काही संबंध नाही. आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

मामीने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. बाही किती लांब हवी ते कळव, आणि त्यावर उलट प्रश्न विचारू नकोस.

तुझा निःपक्षपाती,
मामा

---

दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी पाणी प्यायले. आता जे लिहिते आहे ते लिहायला मला मनाई आहे. आमच्या मार्गदर्शक बाईंना कळेल तेव्हा त्या मला सोलून काढतील. पण तुम्ही गुरुवारी इस्त्रीचे कपडे घालून वाट पाहत बसाल, ते माझ्याने बघवणार नाही.

मामा, टेकडीरस्त्याची ती मुलगी येणार नाही. ती जन्मालाच आलेली नाही. तिला मी लिहिलं. कालव्यापलीकडची बाईही मीच लिहिली. आम्ही चारशे कारखान्यांना अशा जोड्या पाठवल्या आहेत. अनुभव तोच, गुण तेच, भाषाही तीच. फक्त पत्ता वेगळा. कुणाला बोलावणं जातं एवढंच बघायचं. कारखाने चिठ्ठ्या टाकून निवडले होते, त्यात तुमचा निघाला. यादी माझ्या सहकाऱ्याकडे होती, म्हणून मलाही तुमच्या पत्रावरूनच कळलं.

चांगल्या घराबद्दल म्हणाल, तर दोघींचं घर माझ्या टेबलाचा वरून दुसरा खण हेच आहे. आणि त्या बिचारीच्या हालांबद्दल. मी बसचं वेळापत्रक पाहिलं. कालव्यापलीकडून सव्वासहाची थेट बस आहे आणि ती तुमच्या फाटकासमोर थांबते. टेकडीरस्त्याहून यायला दोन बस बदलाव्या लागतात.

आता हे तुम्हाला सांगितल्यामुळे तुमचा कारखाना आजच अभ्यासातून काढून टाकते आहे. रागावू नका. आमच्या प्रश्नावलीत सतराव्या प्रश्नाला ज्यांनी सर्वांत ठाम उत्तर दिलं, त्यांचेच निकाल सर्वांत मजेशीर आले आहेत, एवढं सांगते आणि गप्प बसते.

बाही मनगटापर्यंत. लोभ ठेवावा, ठेवता येत नसेल तर निदान 'सांगता येत नाही' या रकान्यात खूण करावी.

आपली,
प्रश्नपत्रिका

---

दि. १६ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिका हिस,
आशीर्वाद. या खेपेला अनेक नाहीत, एकच.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. म्हणजे गुरुवारी मी, फोरमन आणि हिशेबनीस बाई, असे तिघं दीड तास एका रिकाम्या खुर्चीची मुलाखत घेत बसलो होतो. फोरमन तेव्हापासून रोज विचारतो, की टेकडीची राजकन्या कधी येणार. सख्ख्या भाचीने मामाला मामा बनवावं, याहून मोठं संशोधन ते काय असणार?

पण तुझा मामाही काही दुधखुळा नाही. काल तुमचा तिसरा डाव मी जागच्या जागी पकडला. कालव्यापलीकडची एक बाई स्वतः अर्ज घेऊन आली. धान्यबाजारातल्या मोठ्या वजनकाट्यावर सात वर्षं होती म्हणे. तिथे यंत्र बसवलं, त्यामुळे चार महिने घरी आहे आणि घर तिच्या एकटीवर चालतं. अर्जात एक खोट नाही. तेव्हाच मी ओळखलं. इतका बिनचूक अर्ज तुझ्या खणातूनच येणार. आणि या खेपेला तर तुम्ही कागदावर भागवलं नाही, चक्क नटी पाठवलीत.

मी चिडलो नाही बरं. चहा मागवला. बाईंना सांगितलं, की काम उत्तम वठवलंत, फक्त ते चार महिन्यांचं जरा जास्त झालं. अर्जावर दहापैकी आठ गुण लिहिले आणि भाचीला नमस्कार सांगा म्हणून परत दिला. ती म्हणाली की ती कुणाच्याही भाचीला ओळखत नाही. हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं की मी मनातल्या मनात आणखी अर्धा गुण वाढवला. मग ती चहा अर्धा ठेवून गेली.

आता कबूल कर, की मामा सुधारला.

मामीने एक बाही पूर्ण केली आहे. दुसरी विणायची की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरेल असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

तुझा सावध,
मामा

---

दि. १९ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही.

आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही. आम्ही फक्त कागद पाठवतो, माणसं कधीच नाही. तुमचा कारखाना तर नऊ तारखेलाच यादीतून गेला होता. ती बाई खरी आहे. सात वर्षं खरी आहेत आणि ते चार महिनेही खरे आहेत.

तुम्ही अर्ज तिच्या हातात परत दिलात, म्हणजे पत्ताही तुमच्याकडे नसणार. महिना संपायला नऊ दिवस आहेत. ती जागा दुसऱ्या कुणाला देण्याआधी तिला शोधा. मी हात जोडते.

आपली,
भाची

---

दि. २४ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात आलं तेव्हा फोरमन समोर होता. त्याने विचारलं की घरी सगळं ठीक ना. मी हो म्हटलं.

रविवारी फाटकासमोरून ती बस धरली. एकोणतीस वर्षं ती बस माझ्या खिडकीखालून जाते आहे आणि मी एकदाही तिच्यात बसलो नव्हतो. बारा मिनिटं लागतात. मला माझ्या घरून यायला चाळीस लागतात. धान्यबाजारात चौकशी केली. काट्यावरच्या बाई म्हटल्यावर तिसऱ्याच दुकानदाराने घर दाखवलं, वर हेही सांगितलं, की त्या होत्या तोवर वजनावरून बाजारात भांडण झालं नाही.

तिने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. मी दारातच उभा राहून सगळी कथा सांगितली. तू, विद्यापीठ, दोन कागदी मुली, खण, चिठ्ठ्या, बस. सांगताना मलाच ते खरं वाटेना. शेवटी तिने एकच विचारलं. म्हणाली, मी खोटी वाटले म्हणून तुम्ही चहा दिलात. खरी वाटले असते तर काय दिलं असतं?

एकोणतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतो आहे. असा नेमका प्रश्न मला एकदाही विचारता आला नाही.

येताना बसमध्ये आधी तुझ्यावर रागावलो. तुझ्या कागदी मुलींपायी एक जिवंत बाई खोटी ठरली. मग हिशेब माझ्याकडे वळला. तू काही सांगितलं नसतंस, तर मी तिला खरी समजून घरी पाठवलं असतं. तू सांगितलंस, म्हणून खोटी समजून पाठवलं. तिच्या बाजूने फरक एवढाच की चहा मिळाला. मला लाज वाटते आहे, आणि ती या वयात नवी वाटते.

पुढच्या सोमवारी सकाळी सातला काटे तपासण्याची परीक्षा आहे, या, असं तिला सांगून आलो. विचार करते म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तुझा,
मामा

---

दि. २७ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मार्गदर्शक बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मला सोललं नाही, फक्त एक गोष्ट विचारली. कालव्यापलीकडची बाई लिहिताना मी तिकडे कितीदा गेले होते? एकदाही नाही, मामा. बस मी वेळापत्रकात पाहिली. तुम्ही निदान तिच्यात बसलात. तुम्हाला सव्वासहाच्या बसवरून टोमणा मारताना मी स्वतःला फार हुशार समजत होते.

ती सोमवारी येईल का, याशिवाय काही सुचत नाही. लगेच कळवा.

आपली,
प्रश्नपत्रिका, अर्धवट सोडवलेली

---

दि. ५ मार्च

चि. प्रश्नपत्रिका हिस,
अनेक, खरोखरच अनेक आशीर्वाद.

आली. साडेसहाला फाटकात होती. मी सहापासून होतो, पण ते फिरायला निघालो होतो असं दाखवलं.

फोरमनने पाच काटे मांडले. नेहमीची परीक्षा ही, की त्यांतला एक मुद्दाम बिघडवलेला असतो, तो ओळखायचा. तिने दोन बाजूला काढले. फोरमन खूश झाला, म्हणाला चुकलात. ती म्हणाली, प्रमाणित वजनं आणा. आणली. दुसरा काटा किलोला दोन ग्रॅम कमी दाखवत होता, आणि त्यावर फोरमनचा स्वतःचा शिक्का होता. फोरमन तेव्हापासून सांगतो आहे, की तिकडचे लोक स्वभावानेच संशयी असतात. हे वाक्य तुझ्या अभ्यासात फुकट वापर. इथे अशी रोज मिळतात.

परवा ती रुजू झाली. आधी कागद नीट वाचला. मग सही केली. मला धन्यवाद दिले नाहीत, आणि का द्यावेत?

दुपारी डब्याच्या वेळी मी केबिनच्या काचेतून पाहिलं. लांब बाकावर ती एका टोकाला, बाकीचे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसलेले. तुमची तीन वर्षं मला तीन मिनिटांत पटली. मी इतकी वर्षं केबिनमध्ये एकटाच जेवतो. परवा डबा उचलला आणि तिच्या समोर जाऊन बसलो. सगळे खाणं थांबवून बघायला लागले. तिने मान वर न करता विचारलं, की हेही संशोधन आहे का. मी म्हटलं, नाही, भूक लागली आहे.

आम्ही दोघांनी डबे संपवले. मग तिने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात अर्धा चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला. साखर कमी होती. मी थेंबही ठेवला नाही.

दुसरी बाही पूर्ण झाली आहे, स्वेटर या आठवड्यात टपालात टाकतो. मामी तुला सुट्टीत ये म्हणते. आलीस की आपण दोघं त्या बसने एक फेरी मारून येऊ. तोवर या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा,
मामा

ता. क. सतराव्या प्रश्नाचं पान परत पाठव. या वेळी पेन्सिलीने भरतो.